परळ की पार्ला, फोन ठरवतो कसा?

आई मोबाईलवर बोलून मेसेज टाईप करते, परवा मी शेजारी बसून बघत होते. ती म्हणाली "उद्या परळला केईएमला जायचंय", तर स्क्रीनवर आधी "उद्या पार्ल्याला" उमटलं आणि केईएम (परळचं हॉस्पिटल) म्हटल्याबरोबर मागचा शब्द आपोआप "परळला" झाला. आईला वाटलं फोनला मागाहून सुचलं. पण त्याने "परळला" सोडलेलंच नव्हतं, दुसऱ्या नंबरवर धरून ठेवलं होतं, आणि मला या विषयातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं, की काय धरून ठेवायचं आणि काय सोडायचं.

आवाजाचे साधारण दर १० मिलिसेकंदाला तुकडे पडतात, म्हणजे सेकंदाला १००. प्रत्येक तुकडा कुठल्या ध्वनीसारखा वाटतो त्याचे मार्क, शिवाय कुठल्या शब्दामागे कुठला शब्द येतो त्याचे मार्क, आणि ज्या वाक्याची बेरीज सगळ्यात जास्त ते आपलं. ऐकायला सोपं आहे, पण ५०,००० शब्दांतून नुसतं ५ शब्दांचं वाक्य करायचं तरी ३ वर २३ शून्यं इतकी वाक्यं होतात, एकेक तपासत बसणं शक्यच नाही.

पहिली युक्ती अँड्र्यू व्हिटर्बी यांची, १९६७ ची, आणि ती मुळात बोलण्यासाठी नव्हतीच, रेडिओ संदेशातल्या चुका दुरुस्त करायला होती. समजा अंधेरीहून कल्याणला जायचंय. मेट्रोने घाटकोपर गाठा नाहीतर दादरला गाडी बदलून या, घाटकोपरनंतरचा रस्ता दोघांना एकच, मग तिथवर जो लवकर पोचला तोच लक्षात ठेवायचा, दुसरा विसरला तरी काही बिघडत नाही. वाक्यांचंही तसंच, फक्त दोन वाटा एक मानायच्या तर मागचे एकदोन शब्दही सारखे लागतात.

दुसरी युक्ती शब्दांचं झाड. सीएसएमटीहून कसाऱ्याची आणि कर्जतची गाडी कल्याणपर्यंत एकाच मार्गाने जाते, फाटा तिथून पुढे. तसं "दादरला, दादरहून, दादरच्या, दादरकडे" यातलं "दादर" एकदाच तपासायचं. मराठीत एकेका नावाला इतके प्रत्यय लागतात की आपल्याला याचा फायदा खूपच. अडचण एवढीच की शब्द नक्की कुठला ते फाट्यावर गेल्याशिवाय कळत नाही आणि भाषेचे मार्क (कुठल्या शब्दामागे कुठला शब्द त्याचे) तोवर अडकून राहतात, म्हणून पुढच्या फांद्यांवरचा सगळ्यात चांगला मार्क आधीच उसना धरतात.

आणि तिसरी बीम सर्च. कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रूस लॉवेरे यांनी १९७६ मध्ये हार्पी नावाची सिस्टीम केली, तिला १०११ शब्द कळायचे, आणि तिच्यात दर पावलाला पहिल्या नंबरच्या फार मागे पडलेले उमेदवार, म्हणजे अर्धवट वाक्यं, सरळ काढून टाकायचे. किती मागे पडेपर्यंत ठेवायचं, ती हद्द म्हणजे बीम. आजच्या न्यूरल मॉडेल्समध्येही हे चालतं. यात धोका खरा आहे, बीम अरुंद ठेवला असता तर केईएम ऐकू येण्याआधीच "परळला" बाद झालं असतं, आणि मग पूर्ण वाक्याला कितीही मार्क मिळणार असले तरी उपयोग शून्य. याला सर्च एरर म्हणतात, ऐकण्यात चूक नसते, शोधण्यात असते. आणि बीम रुंद ठेवला तर फोन हळू होतो.

लोकलच्या गोंगाटात तर अजूनच कठीण, कारण सगळ्यांचे मार्क जवळजवळ येतात, मागे कोणी पडतच नाही आणि उमेदवारांची गर्दी वाढत जाते, म्हणून मार्कांच्या फरकाशिवाय एका वेळी इतकेच उमेदवार अशी मर्यादाही घालतात.

बोलता बोलता मोठा पॉज घेतला तर वाक्य संपलं असं धरून त्या क्षणी जो पहिला तो पक्का होऊ शकतो, म्हणून आईला सांगितलंय, परळ म्हणून थांबू नकोस, एका दमात केईएमपर्यंत बोल.