पोस्ट : संगणकाची आरंभ-स्वचाचणी

वीजपुरवठा सुरू होताच मदरबोर्डवरील फर्मवेअर (चिपमध्ये साठवलेली आज्ञावली) प्रोसेसर, स्मृती (रॅम), दृश्ययंत्रणा इत्यादी घटकांची जी प्राथमिक तपासणी व सिद्धता करते, तिला पोस्ट म्हणतात. ‘पॉवर-ऑन सेल्फ टेस्ट’ या नावाची ही आद्याक्षरे होत. ही चाचणी पार पडल्यावरच ऑपरेटिंग सिस्टिम लोड होऊ लागते. नव्याने जोडलेल्या संगणकाचे पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच उमटत नाही, तेव्हा तो बहुधा पोस्टच्या एखाद्या पायरीवर अडलेला असतो. ती पायरी ओळखणे हा दोषशोधनाचा गाभा आहे.

उगमाविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार पोस्ट ही ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीची देणगी होय. दुसरे मत ती मिनीसंगणकांच्या काळापर्यंत मागे नेते. पीडीपी-११ या मिनीसंगणक-मालिकेतील काही यंत्रांच्या बूट रॉममध्ये (आरंभीची आज्ञावली साठवणाऱ्या चिपमध्ये) प्रोसेसर व स्मृतीच्या छोट्या चाचण्या १९७०च्या दशकातच होत्या. कल्पना जुनी आणि तिचे रूढ रूप आयबीएमचे, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. आयबीएमने आपल्या तांत्रिक संदर्भ पुस्तिकेत बायोसची, म्हणजे पीसीच्या फर्मवेअरची, संपूर्ण आज्ञावली छापली होती, त्यामुळे चाचण्यांचा क्रम अभ्यासकांना ओळीओळीने पाहता आला. सर्व ठीक असल्यास एक आखूड बीप वाजे. दोष असल्यास पडद्यावर अंक येत. स्मृतीसाठी २०१, कीबोर्डसाठी ३०१ हे त्यांतले परिचित अंक.

दृश्ययंत्रणा सिद्ध होण्यापूर्वीचा दोष पडद्यावर दाखवता येत नाही. ध्वनिसंकेतांची गरज त्यातूनच निर्माण झाली. पुढे आयबीएम पीसीशी सुसंगत बायोस लिहिणाऱ्या कंपन्यांनी आपापले संकेत ठरवले व एकवाक्यता उरली नाही. अवॉर्ड या कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब व दोन आखूड बीप दृश्ययंत्रणेचा दोष दर्शवतात, तर एएमआय या कंपनीच्या जुन्या पद्धतीत आखूड बीपांची संख्या मोजावी लागते. म्हणून बोर्डाची पुस्तिका न पाहता बीपचा अर्थ लावणे धोक्याचे. आयबीएमच्या एटी या संगणकापासून (१९८४) प्रत्येक चाचणीपूर्वी तिचा क्रमांक हेक्साडेसिमल (सोळा-आधारी) ८० या पोर्टवर, म्हणजे प्रोसेसर बाह्य भागांना माहिती पाठवतो अशा पत्त्यावर, लिहिला जाऊ लागला. यंत्र अडकले की शेवटचा क्रमांक तसाच राहतो व पोस्ट कार्डावर (हा क्रमांक दाखवणाऱ्या, बोर्डात खोचायच्या कार्डावर) किंवा बोर्डावरील दोन अंकी दर्शकावर वाचता येतो. हा क्रमांक थांबलेली पायरी सांगतो, दोषी भाग सांगेलच असे नाही. स्मृतीच्या पायरीवरचा अडथळा रॅमइतकाच सॉकेटमधल्या वाकलेल्या पिनेमुळेही येऊ शकतो.

पोस्ट नेमकी कोठे सुरू होते, यावरही एकमत नाही. एटीएक्स या बोर्ड व वीजपुरवठ्याच्या प्रचलित रचनेत यंत्र बंद असतानाही ५ व्होल्टचा राखीव पुरवठा चालू असतो. बटण दाबल्यावर बोर्ड पॉवर सप्लायला जागे करतो, व्होल्टता स्थिरावतात आणि १०० ते ५०० मिलिसेकंदांनी ‘पॉवर ओके’ संकेत येतो. तोवर प्रोसेसर रीसेट अवस्थेत असतो. काही लेखक हा टप्पाही पोस्टमध्ये धरतात. प्रोसेसरच्या पहिल्या आज्ञेपासून पोस्ट मोजणे अधिक काटेकोर आहे, कारण पंखे न फिरणे किंवा क्षणभर फिरून थांबणे याचे मूळ बहुधा विजेत, जोडणीत वा शॉर्टमध्ये असते आणि तेथे कोणताही कोड मिळत नाही.

जुन्या बायोसची जागा घेणाऱ्या यूईएफआय या फर्मवेअर-पद्धतीत (यूईएफआय फोरमची स्थापना २००५) आरंभीच्या टप्प्यात मुख्य स्मृती अजून वापरण्याजोगी नसते. फर्मवेअर प्रोसेसरच्या कॅशेचाच (आतील छोट्या जलद स्मृतीचाच) तात्पुरती स्मृती म्हणून उपयोग करते आणि मग रॅमची वेळजुळणी, म्हणजे मेमरी ट्रेनिंग, होते. डीडीआर५ प्रकारची रॅम असलेल्या नव्या यंत्रात पहिल्या वेळी यास काही मिनिटे लागू शकतात. पडदा काळा राहतो, यंत्र मध्येच स्वतः रीस्टार्टही होते. या वेळी घाईने वीज तोडली तर जुळणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

नव्या जुळणीतील नेहमीची कारणे साधी असतात : प्रोसेसरची स्वतंत्र ४ किंवा ८ पिनी वीजजोडणी राहून जाणे, रॅम पूर्ण न बसणे, अंतर्गत ग्राफिक्स नसलेल्या प्रोसेसरसोबत मॉनिटरची केबल बोर्डाला जोडणे, कॅबिनेटमधील जादा स्टँडऑफमुळे (बोर्ड टेकवणाऱ्या धातूच्या खुंटीमुळे) बोर्ड शॉर्ट होणे. बोर्डापेक्षा नवा प्रोसेसर हे कारण सहज लक्षात येत नाही. २०१९ मधील एएमडीचे तिसऱ्या पिढीचे रायझन प्रोसेसर आधीच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डांवर बायोस अद्ययावत केल्याशिवाय चालत नसत.

शोधाच्या पद्धतींत सुटे भाग एकामागून एक बदलत जाण्यापेक्षा किमान जोडणीची पद्धत श्रेयस्कर. बोर्ड कॅबिनेटबाहेर वीजरोधक पृष्ठभागावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅमची एकच पट्टी आणि आवश्यक असल्यास ग्राफिक्स कार्ड एवढ्यावर यंत्र सुरू करतात. ते चालल्यास एकेक घटक वाढवत नेतात. त्याआधी वीज पूर्ण काढून जंपरने (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने) किंवा बोर्डावरील सीआर२०३२ सेल काही वेळ बाजूला ठेवून बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर आणतात.

पोस्ट यशस्वी झाली म्हणजे सर्व घटक निर्दोष, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. जलद आरंभासाठी आधुनिक फर्मवेअर स्मृतीची सखोल तपासणी सहसा करत नाही. तिच्यासाठी मेमटेस्ट८६ सारखा स्वतंत्र प्रोग्राम चालवावा लागतो.