गवतात बास मासा नक्की बसतो कुठे?

फ्लोरिडातल्या लेक ओकिचोबीत किंवा अलाबामाच्या गंटर्सव्हिल तलावात हायड्रिला या पाणगवताचा असा दाट थर दिसतो की नवख्याला वाटतं, झालं, बास (गोड्या पाण्यातला शिकारी मासा) इथे कुठेही मिळणार, टाका गळ. तसं नसतं.

हायड्रिला म्हणजे तेच हो, शाळेत बीकरमध्ये फनेलखाली ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे बघायचो ते. १९५०च्या दशकात अ‍ॅक्वेरियमच्या धंद्यातून फ्लोरिडात गेलं आणि तिकडे डोक्याला ताप झालं. पाण्याच्या वर पोचलं की ते फांद्या फोडून आडवं पसरतं, म्हणजे वर मांडव आणि खाली नुसते देठ, अंधार, बऱ्यापैकी मोकळी जागा. लार्जमाउथ बास या सावलीत दबा धरतो.

पण गवत फारच दाट झालं तर त्याचीच पंचाईत होते. सॅव्हिनो आणि स्टाइन या दोघांनी १९८२ साली एक मस्त प्रयोग छापला, टाक्यांमध्ये खोटे देठ लावून बास आणि ब्लूगिल नावाचे छोटे मासे सोडले. चौरस मीटरला ५० देठ असताना शिकार मोकळ्या पाण्याइतकीच झाली, २५० देठांना जवळजवळ शून्यावर आली! दाटीत बास पाठलाग सोडून एका जागी टपून बसायला लागला. म्हणून मी म्हणतो, गवत बघू नका, गवतातली भोकं, फटी आणि कडा बघा.

ऑक्सिजनचंही गणित आहे. दिवसा हायड्रिला ऑक्सिजन सोडतं, रात्री स्वतःच वापरतं, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो, आणि उन्हाळ्यात गरम पाण्यात मुळातच कमी मावतो. आपल्या मरळला फरक पडत नाही, ती वर येऊन हवा घेते, बासला ती सोय नाही. त्यामुळे उन्हाळ्यात भल्या पहाटे थराच्या मधोमध गळ मारत बसण्यापेक्षा कडेने सुरुवात केलेली बरी.

आता सामान. थर फोडून खाली जायचं तर टंगस्टनचं २८ ते ४२ ग्रॅमचं वजन लावतात, कारण टंगस्टनची घनता १९.३ आणि शिशाची ११.३, तेवढ्याच वजनाचा तुकडा लहान होतो आणि फटीतून सुळकन घुसतो. वरून खेळायचं तर पोकळ रबरी बेडूक, आपल्याकडे मरळसाठी वापरतात तसाच, दोन्ही गळांची टोकं वर आणि अंगाला चिकटलेली, म्हणून गवतात अडकत नाहीत, माशाने चावलं की रबर दबतं आणि टोकं उघडी पडतात. बेडूक भोकावर आणून थांबवायचा. बासला दिसायच्या आधी अंगावरच्या पार्श्वरेषेतून हालचाल कळते. पाणी फुगतं, धप्प आवाज होतो आणि इथेच सगळे घाई करतात!! लाइनवर माशाचं वजन लागेपर्यंत थांबा, मग ओढा.

लाइन ब्रेडेडच, म्हणजे विणलेली, साधारण ५० ते ६५ पाउंडांचा ताण सोसणारी, ती जवळपास ताणत नाही आणि देठ कापत येते, नायलॉनची मोनो, म्हणजे एकाच धाग्याची लाइन, ताणली जाते आणि तेवढ्यात मासा देठांना गुंडाळून घेतो. तरी रुतलाच तर जोर लावू नका, लाइन ताठ ठेवून होडीच त्याच्याकडे न्या आणि हाताने गवत बाजूला करा. निघताना बोटीला, ट्रेलरला लागलेलं हायड्रिला मात्र नीट काढा, कांडीच्या एका तुकड्यापासूनही नवीन झाड होतं आणि टेक्सासमध्ये तर ते सोबत नेणंच बेकायदा आहे.