पंखा, पॉन्टून बोटीचा : (दोष व निदान)

ॲल्युमिनियमच्या दोन किंवा तीन हवाबंद नळ्यांवर सपाट तळ बसवलेल्या बोटीच्या आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या) इंजिनाचा मळसूत्री पंखा (प्रोपेलर) व त्यातील बिघाड यांचा विचार येथे केला आहे. रामटेकजवळचा खिंडसी जलाशय, नागपुरातील अंबाझरी यांसारख्या गोड्या, संथ पाण्यात पंख्याचे दुखणे बहुधा खडकापेक्षा जलपर्णी, शिंगाड्याचे वेल आणि नायलॉनची जाळी यांच्यामुळे उद्‌भवते.

मळसूत्री पंख्याच्या जनकत्वाबद्दल एकमत नाही. ऑस्ट्रियातील योझेफ रेसेल यांचे एकस्व (पेटंट) १८२७ चे आहे. फ्रान्सिस पेटिट स्मिथ व जॉन एरिक्सन या दोघांनी इंग्लंडमध्ये १८३६ साली काही आठवड्यांच्या अंतराने एकस्वे घेतली. अग्रक्रम रेसेल यांचा मानला, तरी पंखा व्यवहारात रुळवण्याचे श्रेय स्मिथ यांना देणे अधिक सयुक्तिक ठरते. कालव्यातील चाचणीत त्यांच्या लाकडी मळसूत्राचा तुकडा मोडला आणि बोट मंदावण्याऐवजी अधिक वेगाने धावू लागली, असे सांगतात. आखूड मळसूत्राकडे वळण्याचे कारण तेच असावे. आउटबोर्ड इंजिनाचा आरंभ सामान्यतः ओले एव्हिनरूड यांच्यापासून (सु. १९०९) धरतात, तथापि गुस्ताव्ह त्रुव्हे यांनी १८८१ मध्येच पॅरिसला सुटी विद्युत् मोटर पंख्यासह बोटीला लावली होती.

‘इंजिन रेस होते, पण बोट ओढत नाही’ ही सर्वांत नेहमीची तक्रार. तिच्या मुळाशी कॅव्हिटेशन असल्याचे सरसकट सांगितले जाते, ते बहुतेक वेळा चूक असते. कॅव्हिटेशनमध्ये पात्यावरील दाब इतका उतरतो की पाण्याचीच वाफ होते व तिचे बुडबुडे फुटून धातूला खळगे पडतात. चार्ल्स पार्सन्स यांच्या ‘टर्बिनिया’ या वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या बोटीला (१८९४) प्रथम हीच अडचण आली. पॉन्टून बोटीत मात्र पंखा बहुधा पृष्ठभागावरची हवा ओढतो. इंजिन उंच बसवलेले असले किंवा माणसे पुढच्या बाजूला दाटली की पंख्यावरची आडवी पट्टी पाण्याबाहेर येते. वळताना फेरे एकदम चढतात. इंजिन बसवण्याच्या भोकांपैकी एक भोक खाली घेणे, ते बाहेरच्या बाजूला फार कलले असल्यास आत घेणे, वजन मागे सरकवणे, एवढ्याने बहुधा भागते.

हळू चालवताना बोट नीट जाते, थ्रॉटल दिला की घसरते, असे असल्यास पंख्याच्या मध्यभागी आतली व बाहेरची नळी जोडणारा रबरी बुश सुटल्याचा संशय घ्यावा. या दोन्ही नळ्यांवर मिळून खडूने किंवा रंगाने एक सरळ रेघ ओढावी, बोट जोरात चालवून आणावी. रेघेचे दोन तुकडे सरकलेले दिसले तर बुश गेला. लहान इंजिनांत बुशाऐवजी मऊ धातूची पिन असते. ती आघाताने मोडण्यासाठीच असते. तिच्या जागी पोलादी खिळा ठोकल्यास पुढचा आघात गिअरला बसतो.

पंख्याला हात लावण्यापूर्वी किल्ली काढून स्पार्क प्लगची वायर सोडवावी. पंखा उतरवल्यावर मागच्या वॉशरपाशी गुंडाळलेला मासेमारीचा दोरा शोधावा. तो गिअरपेटीचे सील (पाणी रोखणारी कडी) कापतो, पाणी आत शिरते आणि गिअर ऑइल दुधाळ होते. वाकलेले पाते थरथरीवरून ओळखू येते.

पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा तत्त्वतः जितका पुढे सरकेल ते अंतर) १ इंचाने कमी केल्यास फेरे मिनिटाला साधारणपणे १५० ते २०० ने वाढतात. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५° से. च्या आसपास असताना हवा १५° से. च्या मानाने सु. दहा टक्के विरळ असते. इंजिनाची ताकद जवळपास त्याच बेताने उतरते, म्हणून पिचचा निर्णय केवळ उन्हाळ्यातील चाचणीवरून घेऊ नये.