मोठी लेन्स नाही, मग जंगल नाही?

नागपुरात पेंच-ताडोबाच्या गप्पा निघाल्या की एक वाक्य ठरलेलं: ‘६०० मिमीची लेन्स नसेल तर वन्यजीवांचे फोटो विसरा.’ मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं दूरचं जवळ दिसतं. पक्ष्याचं पीस न् पीस टिपायचं असेल तर ठीक. पण प्राणी त्याच्या परिसरासकट दाखवायचा असेल, तर तीच लेन्स आड येते. फुल-फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ती जेमतेम ४ अंशांचा कोन पाहते. पेंचमधल्या तोतलाडोह जलाशयाचं पाणी, मागचे साग, सगळं कापलं जातं. उरतं नुसतं सांबर, कुठल्याही जंगलातलं वाटावं असं.

त्यात आपला उन्हाळा. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. मृगजळ दिसतं तेही याच तापलेल्या हवेमुळे. लांबचं चितळ मग वितळल्यासारखं येतं आणि लोक दोष फोकसला देतात. लेन्स कितीही महाग घ्या, मधली हवा तीच! उपाय एकच, सकाळी लवकर काढा. जवळ जायला गाडीतून उतरणं हा उपाय नव्हे, हे सांगावं लागतं.

परिसरासाठी ७० ते २०० मिमीची झूम बहुतेकदा पुरते. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, लहान, एफ ८ च्या आसपास ठेवलं तर मागची झाडंही ओळखू येतात. सरावाला अंबाझरी किंवा फुटाळा तलावाचा काठ आहेच. तिथले बगळे माणसांना बऱ्यापैकी सरावलेत.