काळ्या वाडग्यातलं लोखंड

चीनच्या फूजियान प्रांतात, ज्येनयांगच्या परिसरात, आजही चहाचे काळे वाडगे भाजले जातात. काठापासून खाली सशाच्या लवेसारख्या बारीक, तपकिरी-सोनेरी रेघा उतरत जातात. त्या कुणी काढलेल्या नसतात. कुंभार कच्चा वाडगा झिलईत, म्हणजे भाजल्यावर काचेसारख्या होणाऱ्या लेपात, बुडवतो, बुड मात्र कोरडं राखतो आणि भट्टीत ठेवतो. नक्षी उमटवतं ते लोखंड.

चीनमधल्या सोंग राजवटीच्या काळात (960–1279) चहाची पूड वाडग्यातच गरम पाण्यात घुसळत. वर येणाऱ्या पांढऱ्या फेसावरून स्पर्धा लागत, आणि तो फेस काळ्यावर उठून दिसे. खुद्द सम्राट ह्वेइचोंगने चहावरच्या आपल्या ग्रंथात काळे वाडगेच उत्तम ठरवले आहेत.

इथल्या मातीत लोखंड भरपूर. झिलईतही ते असतंच, शिवाय लाकडाची राख. भट्टी 1,300 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचू लागली की वितळलेल्या झिलईतल्या फेरिक ऑक्साइडमधून, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजनच्या संयुगातून, ऑक्सिजन सुटतो. त्याचे बुडबुडे वर येताना जास्त लोखंड असलेला द्रव सोबत आणतात. बुडबुडा फुटतो तिथे लोखंडाचा ठिपका उरतो. भट्टी वेळीच निववली तर तेलाच्या थेंबांसारखे चंदेरी ठिपके तसेच गोठतात. झिलई आणखी पातळ होऊन ओघळली तर तेच ठिपके ताणले जाऊन रेघा होतात. त्याहीपुढे गेलं की झिलई बुडाखाली उतरते आणि वाडगा आधाराला कायमचा चिकटतो. चांगल्या वाडग्याच्या पायाशी झिलईचा जाड थेंब लोंबत थांबलेला असतो. माझ्या मते कारागिराची खरी सही तीच.

2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या वाडग्यांचे जुने तुकडे क्ष-किरणांनी तपासले गेले. झिलईच्या पृष्ठभागावर एप्सिलॉन फेरिक ऑक्साइडचे स्फटिक सापडले. लोहऑक्साइडचं हे रूप अतिशय दुर्मीळ. त्याचं चुंबकत्व सहजासहजी पुसलं जात नाही, म्हणून संशोधकांना त्यात मोठा रस आहे. पण प्रयोगशाळेत ते शुद्ध आणि मोठ्या स्फटिकांच्या रूपात घडवणं फार अवघड जातं. सोंग काळातल्या कुंभारांनी ते लाकडाच्या जाळावर, डोंगरउतारावरच्या शंभर मीटरहून लांब भट्ट्यांत घडवलं होतं!

पुढे ही कला लोपली. 1979 नंतर चिनी संशोधकांनी आणि कारागिरांनी झिलई नव्याने जुळवत ती परत उभी केली. आता बरेच जण विजेची भट्टी वापरतात. तिच्यात तापमान हवं तिथे धरता येतं, पण आतला ऑक्सिजन कमी करायला भर तापात लाकडाचे तुकडे टाकावेच लागतात.