थ्रस्ट ब्लॉक की अँकर ब्लॉक? जमिनीखालच्या जीआरपी (काचतंतू आणि रेझिनच्या) पाइपलाइनसाठी

ड्रॉइंगवर दोन्ही सारखेच दिसतात: पाइपभोवती काँक्रीटचा ठोकळा. थ्रस्ट ब्लॉक पाण्याच्या दाबाचा रेटा मागच्या मातीवर सोपवतो. अँकर ब्लॉक पाइपलाच धरून ठेवतो, लांबीच्या दिशेने तो पुढेही सरकू नये आणि मागेही. एकाच्या जागी दुसरा घातला तर बहुधा चाचणीतच जोड सुटतो.

कुठे कोणता, हे जोडावरून ठरतं. रबर रिंगच्या साध्या कपलिंगला (दोन पाइपांची टोकं जोडणाऱ्या बाहीला) ओढ सोसत नाही, म्हणून बेंड, टी (फाटा), रिड्युसर (व्यास बदलणारा तुकडा) आणि बंद टोक इथे थ्रस्ट ब्लॉक लागतो. बेंडवरचा रेटा = 2 × दाब × पाइपच्या बाहेरच्या व्यासाचं क्षेत्रफळ × साइन (कोन/2). 600 मिमीचा पाइप घ्या, बाहेरचा व्यास 616 मिमी, चाचणीचा दाब 9 बार. 90 अंशाच्या बेंडवर सुमारे 379 किलोन्यूटन रेटा येतो, म्हणजे 38 टनांच्या वर. मातीची सुरक्षित क्षमता चौरस मीटरला 100 किलोन्यूटन असेल, तर ब्लॉकची पाठ निदान 3.8 चौ.मी. हवी. हिशेब चाचणीच्या दाबावरच करा. रोजच्या दाबावर केलेला ब्लॉक पहिल्याच चाचणीत हलतो.

ही पाठ न हललेल्या मातीला भिडली पाहिजे. खोदाई जास्त झाली की मागे शटरिंग लावून पोकळीत सैल माती लोटतात. मग ब्लॉक कितीही मोठा असो, ती माती दबेपर्यंत तो सरकतोच. जादा खोदलेली जागा काँक्रीटनेच भरा. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडून आधार सुटतो, म्हणून पाठ मुरमापर्यंत न्यावी.

उभ्या बेंडचा उंचवटा असेल तर रेटा वर जातो. तिथे मागे माती नसते, फक्त वजन कामाला येतं. याच लाइनवर 45 अंशाला 205 किलोन्यूटन येतात. म्हणजे सुरक्षा गुणांक न धरताही साडेआठ घनमीटर काँक्रीट, आणि ब्लॉक भूजलात बुडाला तर साडेचौदाच्या आसपास.

लॅमिनेट केलेल्या, म्हणजे काचतंतू आणि रेझिनचे थर चढवून एकसंध केलेल्या जोडांची गोष्ट निराळी. पाइप लांबीच्या दिशेने ओढ घेण्यासाठी बनवलेला असेल तर रेटा पाइपच घेतो आणि भोवतालच्या मातीचं घर्षण त्याला धरतं. अँकर लागतो तो अशी लाइन संपून कपलिंगची सुरू होते तिथे, व्हॉल्व्ह चेंबरपाशी आणि तीव्र उतारावर. जीआरपीचा प्रसरण गुणांक (दर अंशाला लांबीत होणारा बदल) साधारण 25×10⁻⁶ धरला, तर मोकळी 100 मीटर लाइन 20 अंशांनी थंड झाल्यावर 50 मिमी आखडेल. माती यातलं बरंच अडवते, पण टोकाशी उरलेली हालचाल कपलिंगवर जाऊ द्यायची नाही.

अँकरमध्ये हमखास राहणारी गोष्ट म्हणजे कॉलर. गुळगुळीत पाइप काँक्रीटमधून सुळकन सरकतो. म्हणून पाइपवर लॅमिनेट करून जाड कॉलर चढवायची आणि तिच्याभोवती सळई बांधून काँक्रीट ओतायचं. यू-बोल्टने आवळलं तर पाइप तिथेच तडकतो.

काँक्रीटमधून पाइप बाहेर पडतो ती कड दोन्ही ब्लॉकमध्ये घातक, कारण ब्लॉक आणि पाइप सारखे खचत नाहीत. कडेपाशी पाइपभोवती रबराची पट्टी गुंडाळावी. कपलिंगच्या लाइनवर पुढे 1 ते 2 मीटरचा आखूड तुकडा जोडावा, म्हणजे वाकण कपलिंग घेते. ओतताना पाइप तरंगतो, म्हणून पट्ट्यांनी खाली बांधून थरांनीच ओता. काँक्रीटला ताकद आल्याशिवाय चाचणीचा पंप सुरू करू नका.