मनोरुग्णसेवेतील आध्यात्मिक साहाय्य

मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या व्यक्तीची श्रद्धा, तिचा अपराधभाव, शोक आणि जगण्याच्या अर्थाविषयीचे प्रश्न यांची दखल घेणारी, रुग्णालयाच्या उपचारव्यवस्थेतील सेवा. पाश्चात्त्य देशांत ती देणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीस चॅप्लेन म्हणतात. हे पद मूळचे ख्रिस्ती धर्मगुरूंचे. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत मात्र आज मुस्लिम, ज्यू, हिंदू व शीख चॅप्लेन आहेत आणि कोणताही धर्म न मानणारे मानवतावादीही हे काम करतात.

या सेवेला आजचे वळण मिळाले ते अँटन बॉइसन (१८७६–१९६५) या अमेरिकन धर्मोपदेशकामुळे. १९२० मध्ये त्यांना स्वतःलाच तीव्र मनोविकाराचा झटका आला आणि वर्षाहून अधिक काळ रुग्णालयात राहावे लागले. तेथे कोणी आपले अनुभव ऐकून घेत नाही, ही खंत घेऊन ते बाहेर पडले. १९२४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील सरकारी मनोरुग्णालयात ते चॅप्लेन झाले आणि पुढच्याच उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांना तेथे आणले. हे विद्यार्थी दिवसा वॉर्डात परिचराचे काम करीत आणि नंतर रुग्णांविषयी डॉक्टरांसह चर्चा करीत. धर्मग्रंथ जितक्या बारकाईने वाचावा तितक्याच बारकाईने माणूस समजून घ्यावा, असा बॉइसन यांचा आग्रह होता. पुढे आजार उलटूनही ते या कामात परतले. त्यांच्या या प्रयोगातूनच चॅप्लेनच्या रुग्णालयीन प्रशिक्षणाची पद्धत घडली.

या कामातील खरी अवघड जागा म्हणजे श्रद्धा आणि आजाराचे लक्षण यांची सरमिसळ. ‘माझ्या पापाला क्षमा नाही’ असे म्हणणाऱ्या रुग्णाच्या बोलण्यात खरा पश्चात्ताप असू शकतो, तसाच तो तीव्र नैराश्यातील भ्रमही असू शकतो, आणि पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. अशा वेळी चॅप्लेनने भ्रमाला दुजोरा देऊ नये, त्यावर वादही घालू नये. त्या विचाराने रुग्णाच्या मनाचे काय होत आहे ते शांतपणे ऐकावे. निदान व औषधयोजना डॉक्टरांकडेच राहते. रुग्णाचे बोलणे गोपनीय असते, मात्र त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका दिसल्यास ते उपचार करणाऱ्यांना सांगावे लागते. धर्मप्रसाराला येथे मुळीच जागा नाही. जागतिक मनोविकार संघटनेच्या २०१६ च्या भूमिकापत्रातही मनोविकारतज्ज्ञांनी रुग्णाच्या धार्मिक व आध्यात्मिक बाजूची विचारपूस करावी, परंतु आपल्या पदाचा उपयोग स्वतःची मते पसरवण्यासाठी करू नये, असे म्हटले आहे.

भारतात रुग्णालयीन चॅप्लेनची परंपरा प्रामुख्याने वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या ख्रिस्ती संस्थांत आढळते. इतरत्र असंख्य कुटुंबे आधी देवस्थान किंवा दर्गा गाठतात. त्यांना अंधश्रद्ध म्हणून झिडकारल्याने रुग्ण उपचारांपासून आणखी दुरावतो. पण देवस्थानाच्या आधाराने चालणाऱ्या अमानुषतेकडेही डोळेझाक करता येत नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयगृहाला लागलेल्या आगीत साखळदंडाने बांधलेले पंचवीसहून अधिक रुग्ण मरण पावले. यानंतरच्या काळात गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा-दुआ’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात मुजावरांना मानसिक आजाराची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण दिले जाते आणि प्रार्थनेसाठी आलेल्या रुग्णाला ते तेथल्याच मानसोपचार केंद्राकडे पाठवतात. दुआ सोडायला कोणी सांगत नाही, म्हणून नातेवाईक औषधालाही तयार होतात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी आहे.